२१ लाख मते आणि दोन खासदार

२५ ऑक्टोबर १९९३ रोजी कॅनडात सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याआधीची सलग नऊ वर्षे सत्तेवर असलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभरातून सुमारे २१ लाख ८६ हजार मते पडली आणि त्याचे दोन उमेदवार निवडून आले. त्याच दिवशी ब्लॉक क्वेबेक्वा या पक्षाला सुमारे १८ लाख ४६ हजार मते पडली आणि त्याचे ५४ उमेदवार निवडून आले. हा पक्ष अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वी जन्मलेला होता आणि त्याने देशातल्या दहापैकी एकाच प्रांतात उमेदवार उभे केले होते. मते सव्वातीन लाखांहून अधिक कमी आणि जागा सत्तावीसपट जास्त. हे आकडे छापताना चूक झालेली नाही आणि मतमोजणीतही काही गडबड नव्हती. कॅनडाचे नियम जसे आहेत तसेच पाळले गेले आणि त्यातूनच हा निकाल लागला.

निवडणुकीत सरकारे पडतात, त्यात नवल नाही. पण सत्ताधारी पक्ष हरणे वेगळे आणि संसदेतून जवळजवळ पुसला जाणे वेगळे. १८६७ मध्ये कॅनडा हे राज्यसंघाच्या रूपात उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले पंतप्रधान झालेले जॉन मॅकडोनाल्ड याच पक्षाच्या पूर्वावताराचे होते. आपली मराठी वृत्तपत्रे ब्रिटनमधल्या ज्या पक्षाला हुजूर पक्ष म्हणत आली, त्याच्याच विचारांची ही कॅनडातली चुलत शाखा असून तिलाही तिकडे बोलीत टोरी असेच म्हणतात. १९८४ मध्ये या पक्षाने २८२ पैकी २११ जागा जिंकल्या होत्या, १९८८ मध्ये २९५ पैकी १६९ जिंकून बहुमत राखले होते, आणि पुढच्याच निवडणुकीत तो १६९ वरून दोनवर आला. प्रस्थापित पक्षाचे पानिपत झाले असे आपण सहज लिहितो, पण इतके शब्दशः पानिपत प्रगत लोकशाही देशांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

हे समजण्यासाठी आधी कॅनडाची निवडणूक पद्धत पाहू, आणि ती मराठी वाचकाला नवी नाही. आपल्या लोकसभेप्रमाणेच तिथेही देश मतदारसंघांत विभागलेला असतो, प्रत्येक मतदारसंघातून एकच खासदार निवडला जातो आणि ज्याला इतर कोणाहीपेक्षा एक मत जास्त मिळते तो विजयी ठरतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळायलाच हवीत असा काही दंडक नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांची मते कुठेही जमा होत नाहीत. ती मतपेटीतून बाहेर येतात, मोजली जातात आणि हिशेबातून संपतात.

आता एक लहानसे उदाहरण मांडून पाहा. दहा मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात एक लाख मते पडली. एका पक्षाला दहाही ठिकाणी १६ हजार मते मिळाली, म्हणजे त्याची एकूण मते १ लाख ६० हजार झाली, पण तो कुठेच पहिला नसल्याने त्याची जागा शून्य. दुसऱ्या पक्षाने फक्त तीनच मतदारसंघ लढवले आणि तिथे प्रत्येकी ४५ हजार मते घेतली. त्याची एकूण मते १ लाख ३५ हजारच झाली, पण तिन्ही ठिकाणी त्याच्या वर कोणी नसेल तर त्याच्या जागा तीन. या पद्धतीत मते किती पडली यापेक्षा ती कुठे पडली याला अधिक किंमत असते. ढीग करून ठेवलेले धान्य पोती भरते, आणि तेच अंगणभर पसरले तर उचलताही येत नाही.

१९८४ सालची आपली लोकसभा ज्यांना आठवते त्यांना हा खेळ परका वाटणार नाही. त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला देशभरातून ७.७४ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या दोन. तेलुगु देसम पक्षाला देशाच्या हिशेबाने सुमारे चारच टक्के मते मिळाली, पण ती सगळी आंध्र प्रदेशात एकवटलेली असल्याने त्याच्या ३० जागा आल्या आणि एक प्रादेशिक पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. दोनचा आकडा दोन्हीकडे आला हा योगायोग, पण त्यामागचा नियम एकच आहे. फरक असा की भाजप तेव्हा चार वर्षांचा, अजून पाय रोवू पाहणारा पक्ष होता, तर कॅनडातला पक्ष निवडणुकीला सामोरा गेला तो पंतप्रधानपद हाताशी ठेवून.

पद्धतीने शिक्षा कठोर केली हे खरे, पण गुन्हा काय घडला हे पद्धत सांगत नाही. त्यासाठी १९८४ मध्ये ब्रायन मल्रोनी यांनी जी मोट बांधली होती ती पाहावी लागते.

मल्रोनी हे क्वेबेकमध्ये वाढलेले, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही सफाईने बोलणारे वकील. त्यांच्या पक्षाचा पारंपरिक आधार पश्चिमेला, म्हणजे अल्बर्टासारख्या तेल आणि गहू पिकवणाऱ्या प्रांतांत होता. तिथे तोवर सत्तेवर असलेल्या लिबरल पक्षाबद्दल, विशेषतः पिएर त्रुदो यांच्या सरकारने १९८० मध्ये आणलेल्या राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रमाबद्दल तीव्र राग होता, कारण आपल्या तेलाचा पैसा राजधानी ओटावाला नेण्याची ती युक्ती आहे असे पश्चिमेला वाटत होते. दुसरीकडे क्वेबेकमधले फ्रेंच भाषक राष्ट्रवादी त्रुदो यांच्यावरच वेगळ्या कारणाने नाराज होते: १९८२ मध्ये कॅनडाची राज्यघटना ब्रिटनकडून मायदेशी आणली गेली तेव्हा क्वेबेकच्या सरकारने तिच्यावर सही केली नव्हती. या दोघांच्या जोडीला ओंटारिओमधला व्यापारी आणि मध्यमवर्ग होता. मल्रोनी यांनी तिघांनाही सांगितले की तुमचा शत्रू एकच आहे. त्यातून २११ जागा आल्या.

अडचण अशी की शत्रू एक असला तरी मागण्या एक नव्हत्या. क्वेबेकला हवे होते ते विशेष स्थान आणि पश्चिमेचे म्हणणे होते की कोणत्याही प्रांताला विशेष स्थान नको, सगळ्यांना सारखे वागवा. एकाच्या ताटात वाढले की दुसऱ्याचे ताट रिकामे दिसणारच अशी ही पंगत होती.

पहिला मोठा तडा १९८६ च्या ऑक्टोबरअखेर गेला. हवाई दलाच्या सीएफ-१८ लढाऊ विमानांच्या देखभालीचे मोठे कंत्राट द्यायचे होते. मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरातल्या एका कंपनीची निविदा स्वस्त होती आणि तांत्रिकदृष्ट्याही सरस ठरली होती, तरी सरकारने कंत्राट माँट्रियलला, म्हणजे क्वेबेकला दिले. एका कंत्राटाने निवडणूक फिरत नसते. पण लिबरल गेले, आपले लोक आले आणि तरीही पान क्वेबेकलाच वाढले, ही भावना पश्चिमेत घरोघर पोहोचली. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, प्रेस्टन मॅनिंग यांच्या नेतृत्वाखाली रिफॉर्म पक्ष स्थापन झाला, आणि तोही विनिपेगमध्येच. मॅनिंग हे अल्बर्टाचे माजी प्रांतप्रमुख अर्नेस्ट मॅनिंग यांचे पुत्र, चष्मा लावणारे, शिक्षकासारखे बोलणारे. पश्चिमेला आत यायचे आहे, ही त्यांची घोषणा होती. तिचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे: त्यांना देशातून फुटून निघायचे नव्हते, निर्णय जिथे होतात त्या दाराच्या आत जायचे होते. १९८८ च्या निवडणुकीत या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. १९८९ मध्ये अल्बर्टातल्या एका पोटनिवडणुकीत डेबोरा ग्रे निवडून आल्या, त्या त्याच्या पहिल्या खासदार.

क्वेबेकची समजूत घालण्यासाठी मल्रोनी यांनी १९८७ मध्ये दहाही प्रांतप्रमुखांना मीच नावाच्या तलावाकाठच्या सरकारी विश्रामगृहात एकत्र बसवून एक करार घडवला. क्वेबेक हा एक वेगळा समाज आहे, हे शब्द घटनेत यावेत ही त्यातली कळीची अट होती. करार अमलात येण्यासाठी दहाही प्रांतांच्या विधिमंडळांनी तीन वर्षांत मंजुरी द्यायची होती आणि मुदत २३ जून १९९० ला संपत होती. शेवटच्या दिवसांत मॅनिटोबाच्या विधानसभेत जे घडले ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. नेहमीची प्रक्रिया टाळून ठराव लवकर चर्चेला घेण्यासाठी सर्व सदस्यांची एकमुखी संमती लागत होती. एलायजा हार्पर नावाचे एक आदिवासी आमदार हातात गरुडाचे पीस धरून बसले होते. अध्यक्षांनी संमती आहे का असे विचारले की ते हळू आवाजात नाही म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणा, पुन्हा नाही. फ्रेंच आणि इंग्रज हे देशाचे दोन संस्थापक मानताना इथल्या मूळ रहिवाशांचा साधा उल्लेखही करारात नाही, हे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात चूक काढणे कठीण आहे. मुदत संपली, न्यूफाउंडलंडनेही मतदान घेतले नाही आणि करार बुडाला.

क्वेबेकमध्ये याचा अर्थ सरळ लावला गेला: उरलेल्या कॅनडाने आपल्याला नाकारले. करार कोसळण्याच्या महिनाभर आधीच मल्रोनी यांचे विद्यार्थिदशेपासूनचे मित्र आणि त्यांच्या मंत्रिमंडळातले पर्यावरणमंत्री ल्युसियाँ बुशार यांनी राजीनामा दिला होता. काही कॉन्झर्व्हेटिव्ह आणि काही लिबरल खासदार त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि ब्लॉक क्वेबेक्वा उभा राहिला. क्वेबेक स्वतंत्र व्हावे आणि तोवर ओटावाच्या संसदेत त्याच्या हिताची राखण करावी, एवढाच त्याचा कार्यक्रम होता. मोटेची एक दोरी अशी तुटली.

सरकारने पुन्हा प्रयत्न केला. शार्लटटाउन करार या नावाने नवा, अधिक लांबलचक मसुदा तयार झाला आणि २६ ऑक्टोबर १९९२ ला त्यावर देशभर सार्वमत घेण्यात आले. तिन्ही मोठ्या पक्षांचे नेते, बहुतेक प्रांतांची सरकारे आणि मोठे उद्योग त्याच्या बाजूने असताना सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो फेटाळला. क्वेबेकने नाही म्हटले कारण त्याला मिळणारे फार थोडे होते, आणि पश्चिमेने नाही म्हटले कारण क्वेबेकला मिळणारे फार जास्त होते. माझ्या मते १९९३ चा निकाल खरे तर त्या दिवशीच लागला होता. प्रस्थापित पक्षांचे सगळे पुढारी एका बाजूला उभे असतानाही त्यांच्याविरुद्ध मत देता येते, आणि तसे दिल्याने आभाळ कोसळत नाही, ही गोष्ट लाखो मतदारांनी एकदा करून पाहिली. पहिल्यांदा पक्ष सोडताना मन कचरते, दुसऱ्यांदा तितके कचरत नाही.

यात भर पडली ती कराची. १ जानेवारी १९९१ पासून कॅनडात वस्तू आणि सेवा कर लागू झाला. दर सात टक्के. होय, जीएसटीच, आणि तिथेही लोक त्याला याच तीन अक्षरांनी ओळखतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो शहाणपणाचा होता, कारण आधीचा साडेतेरा टक्क्यांचा कर कारखान्यातच वसूल होत असे आणि तो निर्यातीला मारक होता. पण तो जुना कर किमतीत दडलेला होता आणि नवा कर प्रत्येक पावतीवर वेगळ्या ओळीत छापून येऊ लागला. लपलेला मोठा कर लोक सोसतात, दिसणारा लहान कर दर खरेदीला टोचतो. त्यातच लिबरल सदस्यांचे बहुमत असलेल्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, हे विधेयक अडवले तेव्हा मल्रोनी यांनी घटनेतले कधीही न वापरलेले कलम बाहेर काढून आठ जादा सदस्य नेमले आणि विधेयक पार करून घेतले. कायद्याच्या चौकटीत ते बसत होते, पण लोकांच्या मनात बसले नाही. मंदी आलेली होती, बेरोजगारी ११ टक्क्यांच्या घरात होती, सरकारची तूट वाढत होती आणि पावतीवरची ती ओळ रोज दिसत होती.

मल्रोनी यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये पद सोडण्याची घोषणा केली. जूनमध्ये पक्षाने किम कॅम्पबेल यांना नेतेपदी निवडले आणि २५ जूनला त्या कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्या ब्रिटिश कोलंबियाच्या, हजरजबाबी, न्याय आणि संरक्षण ही खाती सांभाळलेल्या. उन्हाळाभर त्यांची लोकप्रियता वाढत होती आणि ८ सप्टेंबरला निवडणूक जाहीर झाली तेव्हा त्यांचा पक्ष मतचाचण्यांत लिबरल पक्षाच्या जवळजवळ बरोबरीत होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तडे आधीपासून होते असे मी वर लिहिले, पण घर पडले ते या पुढच्या ४७ दिवसांत. प्रचाराच्या पहिल्याच दिवशी कॅम्पबेल यांनी बेरोजगारीचा दर दहा टक्क्यांच्या फारसा खाली यायला शतकाची अखेर उजाडेल, अशा आशयाचे विधान केले. ते कदाचित खरे होते, पण नोकरी गेलेल्या माणसाला ते ऐकायचे नव्हते. त्याच वेळी लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेतियाँ लाल मुखपृष्ठाची जाहीरनाम्याची पुस्तिका घेऊन फिरत होते आणि रोजगार हा एकच शब्द घोकत होते. पुढे कॅम्पबेल यांनी सामाजिक योजनांच्या फेरबदलासारखा गुंतागुंतीचा विषय ४७ दिवसांत चर्चिता येणार नाही असे म्हटले, आणि वृत्तपत्रांत ते असे पोहोचले की निवडणूक ही गंभीर विषयांवर बोलण्याची वेळ नव्हे.

ऑक्टोबरच्या मध्यावर ती कुप्रसिद्ध जाहिरात आली. क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणीच्या आजारामुळे लुळी पडलेली आहे आणि बोलताना त्यांचे तोंड एका बाजूला ओढले जाते. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने टीव्हीवर जी जाहिरात दाखवली तिच्यात त्यांचे असे वेडेवाकडे दिसणारे फोटो जवळून घेतलेले होते आणि मागून आवाज येत होते, की हा माणूस पंतप्रधान म्हणून शोभेल का, मला तर लाज वाटेल. पक्षाच्या स्वतःच्या उमेदवारांनीच तक्रारी केल्या आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात मागे घेतली गेली. क्रेतियाँ यांनी उत्तर दिले ते असे, की देवाने मला हे व्यंग दिले आणि मी ते लहानपणापासून स्वीकारले आहे. मी एका बाजूने बोलतो हे खरे, पण मी काही टोरी नाही, दोन्ही बाजूंनी बोलायला; असेही ते सभांतून म्हणत. दुतोंडीपणाचा हा टोला कोणत्याही भाषेत समजण्यासारखा आहे.

या जाहिरातीने निवडणूक घालवली असे अजूनही सांगितले जाते. मला ते पटत नाही. जाहिरात झळकली तेव्हा पक्ष आधीच घसरत होता, आणि घसरणीचा वेग वाढण्याचे कारण या पद्धतीतच आहे. आपला उमेदवार निवडून येण्यासारखा नाही असे दिसू लागले की मतदार मत वाया जाऊ नये म्हणून दुसरीकडे वळतो. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस दुव्हर्जे यांनी याच वृत्तीवर बोट ठेवून सांगितले होते की सर्वाधिक मतांच्या पद्धतीत मतदार मोठ्या दोन पर्यायांकडे सरकत जातो. एरवी याच वृत्तीने प्रस्थापित पक्ष तगतात, कारण नव्या पक्षाला दिलेले मत वाया जाणारे मानले जाते. पण एकदा अल्बर्टात रिफॉर्म आणि क्वेबेकमध्ये ब्लॉक पुढे आहे हे दिसू लागले की वाया जाणारे मत उलट जुन्या पक्षाचे ठरते आणि त्याच्या पायाखालची वाळू एकदम सरकते. जी भिंत वर्षानुवर्षे त्याचे रक्षण करत होती तीच त्याच्या अंगावर पडली.

मतमोजणीची रात्र पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकली. कॅनडात मतपत्रिका कागदाची असते आणि मतदान संपले की त्याच केंद्रावर लगेच मोजणी सुरू होते. न्यूफाउंडलंडचे घड्याळ ब्रिटिश कोलंबियापेक्षा साडेचार तास पुढे असल्यामुळे एका टोकाचे निकाल येऊ लागतात तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक अजून मत देत असतात. (आपण मत देण्याआधीच सरकार ठरलेले असते ही पश्चिमेची जुनी तक्रार, आणि तिच्यापोटी १९९६ मध्ये मतदानाच्या वेळा विभागवार पुढेमागे करण्यात आल्या.) अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांतल्या ३२ जागांपैकी ३१ लिबरल पक्षाने घेतल्या, उरलेली एक न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन शहराच्या माजी महापौर एल्सी वेन यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे राखली. क्वेबेकमध्ये ७५ पैकी ५४ ब्लॉकला, १९ लिबरल पक्षाला, एक अपक्षाला आणि एक कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या ज्याँ शारे यांना शेरब्रुकमधून मिळाली. यापुढे पक्षाच्या खात्यात आकडा पडलाच नाही.

ओंटारिओत काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. तिथे ९९ जागा होत्या आणि लिबरल पक्षाने त्यांपैकी ९८ जिंकल्या, मते मात्र ५३ टक्के. रिफॉर्मला तिथे सुमारे २० टक्के आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला सुमारे १८ टक्के मते होती. म्हणजे उजवीकडे झुकणारा मतदार नाहीसा झाला नव्हता. तो दोन रांगांत उभा राहिला आणि दोन्ही रांगा रिकाम्या हाताने परतल्या. उरलेली एक जागा रिफॉर्मला मिळाली. पुढे अल्बर्टात २६ पैकी २२ आणि ब्रिटिश कोलंबियात ३२ पैकी २४ रिफॉर्मने घेतल्या. व्हँकूव्हर सेंटर मतदारसंघात स्वतः पंतप्रधान कॅम्पबेल हरल्या. त्यांना हरवले त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या डॉक्टर हेडी फ्राय यांनी. कॅम्पबेल यांच्या मंत्रिमंडळातून फिरून निवडून आले ते एकटे शारे.

अखेरचा हिशेब असा: लिबरल १७७, ब्लॉक ५४, रिफॉर्म ५२, न्यू डेमोक्रॅटिक ९, कॉन्झर्व्हेटिव्ह २, अपक्ष १. लिबरल पक्षाच्या एका जागेमागे सुमारे ३२ हजार मते होती, ब्लॉकच्या एका जागेमागे ३४ हजार आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या एका जागेमागे जवळजवळ ११ लाख. मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या असत्या तर १६ टक्क्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ४७ च्या आसपास जागा मिळाल्या असत्या आणि ४१ टक्क्यांच्या लिबरल पक्षाला १२२, म्हणजे बहुमताला पुष्कळ कमी. अर्थात पद्धत निराळी असती तर लोकांनी मतेही निराळी दिली असती, त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरताच घ्यावा.

डाव्या बाजूचा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष ४३ वरून नऊवर आला, त्याची कहाणी लहान आहे. ओंटारिओत त्याचे प्रांतिक सरकार होते, मंदीत त्याने सरकारी कर्मचाऱ्यांना बिनपगारी सुट्ट्या घ्यायला लावल्या आणि आपलाच कामगार मतदार दुखावला. शिवाय शार्लटटाउनच्या सार्वमतात तोही होकाराच्या बाजूला उभा होता.

कॅनडाच्या संसदेत पक्ष म्हणून अधिकृत मान्यता मिळण्यासाठी किमान १२ खासदार लागतात. ही मान्यता नसेल तर प्रश्नोत्तरांच्या तासात ठरावीक वाटा मिळत नाही, कार्यालयासाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी पैसा मिळत नाही. २०१४ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळालेल्या काँग्रेसला विरोधी पक्षनेतेपद मिळाले नाही तेव्हा आपल्याकडे दहा टक्क्यांच्या दंडकाची जशी चर्चा झाली, तशीच ही गोष्ट. जुन्या तीन पक्षांपैकी दोघांची मान्यता एका रात्रीत गेली. एका रिक्षात सगळा संसदीय पक्ष बसवला तरी तिसऱ्या माणसाची जागा मोकळी राहिली असती. गंमत म्हणजे सदस्य नेमले जातात त्या सिनेटमध्ये याच पक्षाचे डझनावारी सदस्य अजून बसलेले होते. त्यांना मतदारांसमोर जावे लागत नव्हते.

अधिकृत विरोधी पक्षाचा मान गेला ब्लॉककडे. ब्रिटिश परंपरेनुसार या पक्षाला तेव्हा राणीचा निष्ठावंत विरोधी पक्ष म्हणत, आणि तो मान मिळाला देश सोडून जाऊ पाहणाऱ्या पक्षाला. दोन वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९९५ ला, क्वेबेकच्या स्वातंत्र्यावर प्रांतात सार्वमत झाले आणि ५०.५८ टक्के विरुद्ध ४९.४२ टक्के अशा फरकाने कॅनडा एकसंध राहिले.

उजव्या बाजूची मते मात्र दोन रांगांतच उभी होती. १९९७ मध्ये लिबरल पक्षाने ओंटारिओतल्या १०३ पैकी १०१ जागा जिंकल्या आणि २००० मध्ये १००. रिफॉर्मने नाव बदलून कॅनेडियन अलायन्स केले तरी ओंटारिओत त्याला शिरकाव करता येईना, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष पश्चिमेत परतू शकेना. २००० च्या निवडणुकीत दोघांची मिळून ३७ टक्क्यांहून अधिक मते झाली, आणि जागा अनुक्रमे ६६ आणि १२, म्हणजे एकूण ७८. अखेर डिसेंबर २००३ मध्ये अलायन्सचे स्टीफन हार्पर आणि टोरींचे पीटर मॅकाय यांनी दोन्ही पक्ष विलीन केले. नव्या नावातून प्रोग्रेसिव्ह हा शब्द गळला आणि कॉन्झर्व्हेटिव्ह तेवढा उरला. हे लग्न न रुचलेले बरेच मतदार निघून गेले. जून २००४ च्या निवडणुकीत एकत्रित पक्षाला ३० टक्क्यांपेक्षाही किंचित कमी मते पडली, म्हणजे दोघांच्या जुन्या बेरजेहून आठ टक्क्यांनी कमी. जागा मात्र ७८ वरून ९९ झाल्या, आणि त्यांतल्या २४ ओंटारिओतल्या होत्या.